एका गाण्यासाठी तीन सर्व्हर

वैशाख लागला की आमच्या वाडीतले नळ आधी खोकतात. मग दोन ओंजळी पाणी टाकतात, पुन्हा खोकतात आणि गप्प बसतात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आषाढात इथं असं कोसळतं की शेजारणीची हाक ऐकू येत नाही, आणि वैशाखात त्याच शेजारणीशी एका हंड्यावरून बोलणं बंद होतं. आज सकाळी नळ खोकला तशी मी हंडा तिथंच ठेवून पायरीवर बसले. करवंदं काळी पडली आहेत. फणसाचा वास अंगणभर झालाय. वारा पडला की समोरचा डोंगर तव्यावर टाकल्यासारखा दिसतो. सगळं गेल्या वर्षीसारखंच आहे. फक्त यंदा मला करवंदाची चव लागते. गेल्या वैशाखात लागत नव्हती.

गेल्या वर्षी शिमगा आटोपला, पालखी देवळात परतली, मुंबईकर मुंबईला गेले आणि आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही एकदम. महाडच्या दवाखान्यात हात-पाय थोडे हलू लागले, पण वाचा काही आली नाही. आणि माणूस कोण, तर शाहीर. आमच्याकडे जाखडी नाचतात. मध्ये ढोलकी आणि शाहीर, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारी पोरं. शक्तीवाले एकीकडे, तुरेवाले दुसरीकडे, आणि गाण्यातून सवाल-जवाब. त्या सामन्याला बारी म्हणायचं. हे शक्तीवाले. समोरच्या शाहिराला एका कडव्यात खाली बसवायचे. तो माणूस आता पाणी मागायचं तर डाव्या हाताचा अंगठा ओठाला लावत होता.

वाचेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई महाडला होत्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण घाई न करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आजी, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या वाटांनी येतं. बोलण्याची वाट बंद झालीय. गाण्याची कदाचित उघडी असेल. त्यांचं हाडीमांसी मुरलेलं एखादं गाणं घ्या आणि रोज त्यांच्यासोबत म्हणा."

"कुठलंही चालेल?"

"त्यांना आपलं वाटेल ते. आणि आजी, उशीर नको. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. नंतर वाट बुजत जाते."

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि ते माझ्या उशाशी येऊन बसलं.

मी आरत्या म्हटल्या. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. अभंग म्हटले, डोळे मिटले. सिनेमातली गाणी म्हटली, तेव्हा तर पांघरूण डोक्यावरून घेतलं, आणि माझा आवाज ऐकता ते अगदीच चुकीचं नव्हतं. स्वतःहून मात्र ते एकच चाल गुणगुणायचे. "सावित्रे गो" एवढे दोन शब्द स्वच्छ यायचे. सावित्री म्हणजे आमची नदी. त्यापुढं नुसता सूर. मग सूरही अडायचा आणि डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटायची. पुन्हा "सावित्रे गो". पुन्हा मूठ. तिसऱ्या-चौथ्या वेळी डोळ्यांतून पाणी. मग त्या दिवशी जेवण नाही.

उमरठहून तुकाराम भावोजी यायचे. ह्यांच्या फडातला ढोलकीवाला, सख्ख्या भावासारखा. त्यांना विचारलं, "भावोजी, सावित्रीच्या गाण्याचे शब्द सांगा ना."

"वैनी, माजा हात सांगंल, तोंड नाय सांगायचं," ते म्हणाले आणि पलंगाच्या लाकडावर त्यांनी अख्खा ठेका वाजवून दाखवला. "तुडीलच्या बारीत म्हनलेलं ते. एकदाच. शाहिरानी परत कदी म्हनलंच नाय."

हीच तर आमच्या शाहिराची रीत. बारीत म्हटलेलं गाणं दुसऱ्या बारीत नाही म्हणायचं, कारण तोवर तुरेवाल्यांनी त्याला जवाब बांधलेला असतो. लिहून ठेवायचं तर मुळीच नाही, कागद फितूर होतो. गाणं डोक्यात बांधायचं आणि डोक्यातच ठेवायचं. आता डोक्याचंच दार लागलं होतं. झील धरणारे, म्हणजे शाहिराच्या मागून ओळीचं शेपूट उचलणारे, दोघं देवाघरी गेले होते, आणि झीलकऱ्याला तसाही शेवटचा शब्द तेवढा ठाऊक असतो.

तुम्ही म्हणाल, तू बायको ना, तुला कसं पाठ नाही? तर मी त्या काळात फार मोठी बाई होते. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टायपिस्ट. ऑफिसात इंटरनेट आलं, ते आधी साहेबांच्या टेबलावर आणि मग माझ्या. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका लोणच्याच्या फोडी वाटून घ्यायच्या आणि मी डबा मांडीवर ठेवून न्यूजग्रुप वाचायची. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं तेव्हा युजनेट नावाचं एक जाळं होतं. त्यावर विषयवार गट. आमचा मराठी मंडळींचा गट होता, बहुतेक परदेशातली. मराठी लिहायचं, पण इंग्रजी अक्षरांत. त्यात मी माझं नाव घेतलं होतं सह्याद्रीकन्या. पोलादपूरच्या स्टँडपासून घरापर्यंतच्या चढाला चार ठिकाणी बसणारी बाई, आणि म्हणे सह्याद्रीकन्या. कुणी शंका विचारली की मी उत्तर द्यायची. विषय मला येत असलाच पाहिजे अशी अट नव्हती.

त्या गटात मी ह्यांचं सावित्रीचं गाणं टाकलं होतं. रीतसर विचारून. बारीहून आल्यावर दोन दिवस ते गुणगुणत होते, तेव्हा मी म्हटलं, "एवढं चांगलं गाणं, मी कॉम्प्युटरवर घालते, अमेरिकेत वाचतील."

ह्यांनी बराच विचार केला. "तितं कोन तुरेवाला नाय ना?"

"नाही हो. सगळे इंजिनियर आहेत."

"मग घाल."

टाइप केलं आणि विसरले. टायपिस्टच्या हातून जगाचा मजकूर जातो, डोक्यात काही राहत नाही.

आता ते गाणं पृथ्वीवर कुठं असेल तर त्या जुन्या गटात. पण गट म्हणजे जागा नव्हे, हीच त्यातली मेख. युजनेट कुणा एकाच्या मालकीचं नाही. आमच्याकडे पूर्वी निरोप जायचा ना, एसटीच्या ड्रायव्हरला सांगितला की तो स्टँडवर सांगणार, तिथला हमाल वरंधकडे जाणाऱ्याला सांगणार, तसं. एका सर्व्हरवर टाकलेला मजकूर शेजारच्या सर्व्हरकडे जातो, तिथून पुढच्याकडे. प्रत्येकजण स्वतःकडे एक प्रत ठेवतो आणि जागा पुरेल तितकी वर्षं सांभाळतो. कुणी चार वर्षं, कुणी वीस. त्या साठ्यात शिरायचं तर प्रोव्हायडर गाठावा लागतो, म्हणजे पैसे घेऊन सर्व्हरचं दार उघडणारी कंपनी. सगळा प्रश्न एवढाच, की आपला जुना निरोप कुणी अजून जपून ठेवलाय.

वेबवर जुन्या गटांचे काही साठे फुकट बघायला मिळतात. तिथं सह्याद्रीकन्या सापडली. लोणचं टिकवण्याबद्दल एका बाईला दिलेला सल्ला सापडला, जो तिनं पाळला असेल तर बरणी गेली असणार. गाणं सापडलं नाही. त्या महिन्यांच्या जागी भोकच होतं. फुकटचे सर्व्हरही असतात, नुसत्या मजकुराचे. पण ते गेल्या काही वर्षांचंच ठेवतात.

सून प्राजक्ता डोंबिवलीला. तिच्या कार्डाशिवाय माझं पान हलणार नव्हतं, म्हणून तिला फोन केला.

"आई, आता हे कोण वापरतं? सगळ्या साइटवर नुसते पिक्चर डाउनलोड करणारे दिसतायत. टेन्शन येतं मला. कार्ड टाकायचं म्हणजे."

"मला पिक्चर नको. मला तुझ्या सासऱ्याचं गाणं पाहिजे."

"इथं लिहिलंय पन्नास कनेक्शन. हा चांगला वाटतो."

"मला एक पुरे. नवराही एकच पुरला."

ती हसली नाही. मीही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. पलीकडच्या खोलीतून "सावित्रे गो" ऐकू येत होतं.

सह्याद्रीकन्येनं या जाहिराती वाचल्या असत्या तर ती सगळ्यात मोठ्या आकड्याला भुलली असती. कुणाचा वेग मोठा, कुणाचं टाकं मोठं. माझा सवाल एकच होता: मजकुराचे गट, किती मागपर्यंत? आणि नेमकं तेच कुणी ठळक लिहीत नव्हतं. जे आकडे झळकत होते ते मोठ्या फायलींचे. मजकुराचा हिशोब वेगळा असतो, तो खाली बारीक अक्षरांत, नाहीतर विचारल्यावर. म्हणून विचारलं. एकाचं उत्तर लगेच आलं, गोड होतं, आणि त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं होतं. दुसऱ्यानं लिहिलं, त्या काळातलं आमच्याकडे आहे, आधी चाचणी घेऊन बघा.

चाचणी म्हणजे काही दिवस फुकट, मुदत सरायच्या आत बंद केलं नाही तर कार्डातून पैसे. आणि आमच्या घरात रेंज नाही. देवळामागच्या चढावर फणसाखाली ती येते, तीही हलती. तुकाराम भावोजींना ह्यांच्यापाशी बसवायचं, लॅपटॉप पदराखाली झाकायचा आणि भर उन्हात चढ चढायचा. मी कशी दिसत असेन ते वाडीनं बघून घेतलं. वाटेत कुणीतरी म्हणालंच, "म्हातारीला शाहिराचा घोर लागलाय गो." खोटं नव्हतं.

गोड उत्तरवाल्याकडे आधी गेले. सर्व्हरचं नाव घातलं, पासवर्ड घातला, गट सापडला. मथळे उतरायला लागले. वर्षं मागं मागं जात होती. आणि मग ती ओळ दिसली. इंग्रजी अक्षरांत: सावित्रीचे गाणे, सह्याद्रीकन्या. मी पदराला बोट पुसलं आणि ओळीवर ठेवलं.

असा लेख सर्व्हरवर नाही.

पुन्हा दाबलं. नाही. मथळा होता, पोट रिकामं. दारावर नावाची पाटी आणि आत घरच नाही. खाली वाडीतून ढोलकीचा आवाज येत होता. भावोजी ह्यांना रमवत होते. मग ढोलकी मध्येच थांबली. मी लॅपटॉप मिटला आणि उतरले. वर काय झालं ते ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी विचारलंही नाही, विचारणार कसे. नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या प्रोव्हायडरची चाचणी प्राजक्तानं लगेच घेऊन दिली. वेगळं नाव, वेगळा रंग, वेगळा देश. पुन्हा चढ, पुन्हा फणस. पुन्हा तीच ओळ, आणि पुन्हा तेच वाक्य. शिवाय मधल्या काळातले तेच तेच लेख गायब. जणू एकाच उंदरानं दोन्ही घरांतली वही कुरतडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर उभी होते. आमच्या वाडीला दोन नळ आहेत. वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं भांडण झालं तेव्हा कुणी म्हणालं, एकावर अवलंबून नको, दुसरी पाइपलाइन टाकू. वर्गणी काढली, पाइप आणले, पूजा केली. आणि दोन्ही पाइप नेऊन एकाच झऱ्याला लावले, कारण दुसरा झरा होताच कुठं. तेव्हापासून वैशाखात दोन्ही नळ एकदम खोकतात, आणि दोन्ही आळ्या एकमेकींना सांगतात, तुमचा नळ चांगला नाही. त्या सकाळीही दोघं एकदम खोकले. मी हंडा टाकून घरी आले आणि प्राजक्ताला फोन लावला.

"हे दोघं पाणी कुठून घेतात ते बघ."

"काय, आई?"

"दुकानं दोन आहेत. मागचं गोदाम एकच असणार. गोदाम कुणाचं ते शोध."

तिनं शोधलं. तसंच निघालं. बाजारात पन्नास नावं, त्यांतली बहुतेक दोन-तीन गोदामांतून माल उचलणारी. प्रत्येकजण पाटी आपली लावतो. मग आम्ही नावं सोडून दिली आणि गोदामं बघितली. वेगळ्या साठ्यावरचा, जुना, साध्या पाटीचा एकजण सापडला. त्याच्याकडे चाचणी नव्हती. महिन्याचा हप्ताही भरायला नको, थोडासा डेटा एकदाच विकत घ्या, संपेपर्यंत वापरा. मजकुराला तो जन्मभर पुरला असता. मी त्याला सरळ लिहिलं, कोणत्या काळातला लेख हवा आणि कशासाठी. त्याचं उत्तर आलं: त्या वर्षांचे गट आमच्याकडे आहेत, पण सगळे लेख असतील असं वचन देत नाही. आजारी माणसासाठी शुभेच्छा.

प्राजक्ता म्हणाली, "वचन देत नाही म्हणतोय, आई."

"म्हणूनच घे."

वरून भारी बोलले, पण आतून हलले होते. तिसऱ्याकडेही नसेल तर पुढं आणखी गोदाम नव्हतं. त्या आठवड्यात ह्यांनी गुणगुणणंही कमी केलं होतं. मूठ आपटत होती तोवर मला धीर होता. ती पांघरुणावर नुसती पडून राहायला लागली, तेव्हा मला डॉक्टरीणबाईंची बुजणारी वाट डोळ्यांनी दिसायला लागली.

त्या दुपारी आभाळ वळवाचं झालं होतं. देवळामागून ढग चढत होते, लॅपटॉपची बॅटरी उतरत होती, वारा फणसाची पानं अंगावर टाकत होता. मथळे उतरले. माझी ओळ आली. बोट ठेवलं.

असा लेख सर्व्हरवर नाही.

मी रडले नाही. मला स्वतःचाच राग आला, गाणं टाइप केलं आणि पाठ केलं नाही त्या शहाण्या बाईचा. रागानं मी बाण खाली दाबत राहिले. माझ्या मथळ्याच्या पोटात आणखी एक ओळ होती, थोडी आत सरकवलेली. कुणीतरी मला दिलेलं उत्तर. दाबलं, आणि ते उघडलं.

त्या गटात एक गृहस्थ होते. कुठल्याही लेखाला उत्तर देताना ते अख्खा मूळ लेख पुन्हा खाली चिकटवायचे आणि वर एक शब्द लिहायचे: सुंदर. जागा वाया घालवणं हे तेव्हा मोठं पाप. या गृहस्थांना मी सर्वांदेखत शिष्टाचार शिकवला होता. एका शब्दासाठी लोकांची एवढी जागा अडवू नये, वगैरे. माझं ते भाषण सगळ्या सर्व्हरांवर धडधाकट होतं, ते माझं फणसाखाली बसून दोनदा वाचून झालं होतं. आणि आता समोर त्यांचं उत्तर होतं. वर सुंदर. खाली, प्रत्येक ओळीला बाणाचं टोक लावलेलं, माझं अख्खं गाणं. मी त्या माणसाला, तो जगात जिथं असेल तिथं, हात जोडले. मग वळवाचे टपोरे थेंब यायला लागले, तशी लॅपटॉप पोटाशी धरून धावले. म्हणजे माझ्या वयाला धावणं म्हणतात तसं.

ओल्या अंगानंच ह्यांच्यापाशी बसले. भावोजींना म्हटलं, "वाजवा."

"घावलं?"

"वाजवा तुम्ही."

त्यांनी ठेका धरला. मी स्क्रीनवरून म्हणायला लागले.

सावित्रे गो, वाट दे पल्याड जायाला,
होडी माझी फुटकी, वल्हं नाय हाताला.

ह्यांनी मान वळवली. पहिल्या ओळीला नुसता सूर आला. मी ती पुन्हा म्हटली. या वेळी "पल्याड" आलं. मग "फुटकी" आलं, वेडंवाकडं पण आलं. तिसऱ्यांदा दोन्ही ओळी त्यांनी माझ्या मागून अख्ख्या ओढत नेल्या. भावोजींचे डोळे वाहत होते, पण ठेका चुकला नाही. मी घाईघाईनं पुढच्या ओळीवर गेले.

डोहात विहरती राजहंस, रूप तयांचे चारू.

ह्यांचा सूर तुटला. मूठ पलंगावर आपटली. मी घाबरले. वाटलं, झालं, अडले. पुन्हा म्हटलं, सावकाश, "डोहात विहरती राजहंस". मूठ पुन्हा. चेहरा लाल. भावोजी ढोलकीवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"वैनी, ह्ये शाहिराचं नाय. राजहंस कुटले?"

मी स्क्रीनकडे पाहिलं आणि मला सह्याद्रीकन्या कळली. अमेरिकेतले इंजिनियर वाचणार म्हणून बाईंनी ओळ सुधारली होती. चारू. घरात हा शब्द जन्मात कुणी उच्चारला नसेल.

"म," हे म्हणाले.

मी लॅपटॉप बाजूला सारला.

"म... म..." ओठ जुळत होते, सुटत होते. मानेची शीर तटतटली. मला वाटलं थांबवावं, आणखी काही तुटेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यांना वेळ द्या. मी हात मांडीखाली दाबून धरले.

"मगरी," ते म्हणाले. स्वच्छ. सूर नाही, चाल नाही. रागानं उच्चारलेला, बोललेला शब्द. आणि मग भावोजींच्या ठेक्याची वाट न बघता, तुकडे तुकडे: "डोहात... निजल्यात... मगरी. नको गो... हाका मारू."

बाहेर वळीव कोसळत होता. भावोजी म्हणाले, "हां. आता शाहीर बोलला."

यंदा ते पुष्कळ बोलतात. भराभर नाही. पाणी मागतात, मला वेडी म्हणतात, शेजारच्या आळीचा नळ चांगला नाही असंही सांगतात. काही शब्द अजून वाटेत हरवतात, तेव्हा मूठ आपटते, आणि मी थांबते. पण एक गोष्ट मला लवकर कळली. बरोबर गाणं म्हटलं की ते माझ्या मागून येतात. चुकीचं म्हटलं की माझ्या पुढं जातात. म्हणून रोज संध्याकाळी मी पलंगापाशी बसते, घसा साफ करते आणि त्यांच्या एकेका गाण्याची वाट लावते.

काल मी फुटक्या होडीच्या जागी सोन्याची नौका घातली.

"सोन्याची... बुडंल," ते म्हणाले. बराच वेळ ओठ हलत राहिले. मी मांडीखाली हात दाबून बसले. मग पुढचं आलं. "अक्कल... हाय का... तुला?"

मी म्हटलं, "नाय," आणि पुढची ओळ आणखी चुकीची म्हटली.